उन्हात ठेवलेला डबा

सर, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. एवढं एक वाक्य सांगायला मला पंधरा वर्षं लागली, आणि त्यातली बारा वर्षं तर तुम्ही नाहीच. तेव्हा आता घाई कसली, सगळं सावकाश सांगते.

अमरावतीची तुमची मागची खोली, खिडकीशी टेबल, त्यावर तोलकाटा. रायफल क्लबच्या परवान्यावर काडतुसं भरायचा अधिकार तुमचा एकट्याचा, आणि मी भातकुलीहून एसटीनं येणारी माळ्याची पोरगी. पहिलं वर्षभर तुम्ही मला बंदुकीच्या दारूच्या डब्याला हातही लावू दिला नाही. उडवलेली रिकामी काडतुसं दारूच्या कमी मापापासून चढ्या मापापर्यंत ओळीनं मांडायची, भिंग घ्यायचं आणि बघत बसायचं. "पयले वाचाले शीक, पोरी." मी वाचायला लागले. काडतुसाच्या बुडात ठिणगी पाडणारी छोटी टोपी असते, तिच्या कडा गोल आहेत तोवर ठीक. ती चपटी होऊन कडेला भिडली, बुडावर चकचकीत ठसा उठला, रायफलचा बोल्ट उचलायला जड गेला, की आतला दाब हाताबाहेर चालला समजायचं. एकदा सगळ्यात चढ्या मापाच्या गोळ्या एकाच भोकात गेल्या तेव्हा मी हटूनच बसले, की हेच माप ठेवू. तुम्ही हसलात. "नेम चांगला लागून राहिला म्हणून बंदूक खूश हाय, असं नसते. अन् एकटी टोपी खोटंबी बोलते. सगळ्या खुणाइले विचाराव." आणि मापाच्या दोन पायऱ्या खाली उतरलात, कारण निवड चाचणी अकोल्याला, तीही मे महिन्यात. तापलेली दारू जोरानं पेटते. म्हणून तुमच्या घरी काकूंनी कापूस भरून एक जाड पिशवी शिवली. काडतुसांचा डबा त्याच पिशवीत आणि सावलीत राहायचा, हा तुमचा कायदा.

अकोल्याला तुम्ही सही करायला ऑफिसात गेलात. माझी ताकाची बाटली तापून गेली होती. मी शहाणीनं डबा काढून सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवला आणि पिशवीत बाटली घातली. अर्धा तास तरी गेला असेल. तुम्ही येताना दिसलात तशी डबा उचलला. हाताला चटका बसला, तरी गुपचूप आत सरकवला. पहिल्या दोन गोळ्या दहाच्या वर्तुळात. तिसरीनंतर बोल्ट उचलेना. तुम्ही तळहातानं ठोकून तो उघडलात, काडतूस भिंगाखाली धरलंत आणि म्हणालात, "बस. ऊठ."

"सर, दहाले लागून राहिल्या! मारू द्या ना!"

"डोयाजवळ फुटलं त तुह्या मायले काय सांगू मी?"

माझी निवड हुकली. मी बसस्टँडपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीच म्हणालात, "चूक माही हाय. भरताना माप चुकलं." खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी रागावले होते आणि घाबरलेही होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही उरलेली काडतुसं उघडून एकेक तोलली. मापं बरोबर निघाली. मला वाटलं, सुटले. तुम्ही मात्र चष्मा काढून ठेवलात. "मापं बरोबर दिसते, तरी दाब चढला. म्हंजे काटाच मले नीट दिसून नाही राहिला आता." त्यानंतर तुम्ही त्या टेबलाशी कधी बसला नाहीत. पुढच्या वर्षी कंपनीच्या तयार काडतुसांवर माझी निवड झाली, तेव्हा पेढे वाटणारेही तुम्हीच. तुम्ही माझ्यावर इतका जीव लावलात, की खरं सांगायची हिंमत दरवर्षी कमीच होत गेली.

आता क्लबमध्ये पोरांना काडतुसं वाचायला मी शिकवते. रागावते अगदी तुमच्यासारखी, तुमच्याइतकं प्रेम करता येतं की नाही, माहीत नाही.

इथवर लिहिलेलं हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार? म्हणून रविवारी काकूंना वाचून दाखवायचं ठरवून गेले. त्यांनी चहा टाकला, तुमच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढा हुशार माणूस, पण शेवटी नजरेनं दगा देल्ला त्याइले. लय मनाले लावून घेतलं होतं बाई."

पत्र पर्समध्येच राहिलं. मी म्हटलं, "हो, काकू."