डबल बासवाल्यांचा न संपणारा दुखवटा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ऑक्टोबर २००८

श्री. आकारामभाऊजी यांस,

थोरल्या वहिनीचा नमस्कार. तुमचा गुडघा, जाऊबाईंचा खोकला आणि गाभण म्हैस, तिघांचीही खुशाली कळवावी. माझं बरं आहे असंच समजा. वेगळं काही समजलात तर मलकापुराहून भेटायला याल, आणि मला चार भाज्या कराव्या लागतील.

पत्राचं कारण दुखवटा. तुमच्या दादांचं वर्षश्राद्धही होऊन गेलं (आमटीत मीठ नव्हतं, तुम्ही बोलला नाहीत, ते माझ्या लक्षात आहे). पण माझ्याकडे माणसं त्यानंतरही येतच राहिली. घरी नव्हे, केरबाच्या नेट कॅफेत.

दादा रोज दुपारी केरबाकडे जायचे तेव्हा पत्ते खेळतात असं तुम्हाला वाटायचं. मलाही वाटायचं. ते तिथे डबल बासवाल्यांत बसत. तुम्ही ज्याला कणगी म्हणता ते माणसाहून उंच व्हायोलिन वाजवणारा दुसरा कुणी अख्ख्या कोल्हापुरात उरला नव्हता. सिनेमाचे स्टुडिओ होते तेव्हा वाजवणारे होते, मग तेही गेले. आपल्या वाद्याबद्दल बोलायचं कुणाशी? मला सांगून काय उपयोग, मी त्यावरची धूळ पुसणारी. मग इंटरनेटवर त्यांना डेन्मार्कचे, ब्राझीलचे, जपानचे असे पुष्कळ सापडले, सगळे लिहून गप्पा मारायच्या एकाच जागी जमणारे. सगळ्यांची रड एकच. दारातून जात नाही, गाडीत घेत नाहीत, आणि ऐकणारे बघतात ते पुढच्या व्हायोलिनवाल्याकडे. दादांनी त्यात स्वतःचा ब्लॉगही काढला होता, म्हणजे रोजनिशीच, पण चव्हाट्यावर मांडलेली. एस.टी.च्या टपावर कणगी चढवली तेव्हा कंडक्टरने तिचं तिकीट फाडलं, हे जपानात लोकांनी हसत वाचलं. आपल्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

ते गेल्यावर केरबाने त्या गप्पांच्या जागी दादांच्या नावाचं पान उघडून तसं कळवलं. लोकांनी दुखवट्याचं लिहिलं. केरबाने मला नेऊन दाखवलं. माझं इंग्रजी वाचनालयातल्या पुस्तकांवर आणि शब्दकोशावर उभं आहे, पण कळलं. आता कुणी दारात आलं तर पाण्याचा तांब्या तरी पुढे करावा लागतो. मी एकेकाला उत्तर देऊ लागले. एकाने विचारलं आजार कोणता, सांगितला. एकाने विचारलं तारा कुठल्या वापरायचे, घरी जाऊन बघून आले आणि सांगितलं. ब्राझीलच्या बाईने विचारलं सोबतीला कोण असतं. त्याचं उत्तर द्यायला मला आठवडा लागला.

पण त्या जागेची रीत अशी की ज्या पानावर कुणी शेवटचं लिहिलं ते पान यादीत सगळ्यांच्या वर येऊन बसतं. मी उत्तर दिलं की दादा पुन्हा वर. नवा माणूस उघडतो, त्याला वाटतं आजच गेले. तो हळहळतो, मी उत्तर देते, दादा पुन्हा वर. दुखवट्याला आलेल्याला ‘परत या’ म्हणू नये, तेवढं मी कटाक्षाने पाळलं, तरी येतच राहिले. एका जपानी गृहस्थाने तीनदा दुःख व्यक्त केलं आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. आपलं सुतक तेरा दिवसांत फिटतं. ह्यांचं वर्ष उलटलं तरी फिटेना. माझी बोटं दुखायला लागली.

शेवटी ती जागा सांभाळणाऱ्या हेन्रिकरावांनी फार अदबीने लिहिलं, की पोर्तुगालमधल्या एकाचं वाद्य तडकलं आहे, तो इलाज विचारतो आहे आणि दादांच्या खाली दबून गेल्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला शरम वाटली. केरबाने गिऱ्हाइकांसमोरच उपाय सांगितला.

“वैनी, तुमी उत्तर द्यायचं थांबवा की. मग दादा आपोआप खाली जात्यात.”

“खाली म्हंजे कुठं?”

“यादीच्या दुसऱ्या पानावर. मग तिसऱ्या. त्याच्या फुडं कोण बघत न्हाय बघा.”

मी यापुढे लिहिणार नाही असं हेन्रिकरावांना कळवलं. गणपतीपासून लिहिलेलं नाही. दसऱ्याला सहज बघितलं तर दादा चौथ्या पानावर होते. पोर्तुगालवाल्याचं वाद्य सांधलं गेलं, हे चांगलं झालं. आता तिथे गजाला राळ कुठली लावावी यावर भांडण जुंपलंय. दिवाळीपर्यंत कुणी हात लावला नाही तर दादांचं पान कायमचं बंद होईल, मग त्यावर कुणालाच लिहिता येणार नाही. एकंदरीत सुटले म्हणायची. दुपारी घरीच असते, तांदूळ निवडते. निवडून झालेलेही निवडते.

जाऊबाईंना आठवण सांगा. म्हैस व्याली की कळवा.

तुमची वहिनी,
चिमणाबाई

ता.क. कणगी आहे तिथेच राहील. बघायला म्हणून कुणाला पाठवू नका.

ता.क. मलकापुरात स्टँडसमोर नेट कॅफे निघालं आहे असं कळलं. त्या पानाचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे, तो तिथल्या पोराला दाखवा. दिवाळीच्या आत एक ओळ लिहा. मराठीत चालेल. भावाबद्दल काहीही लिहा. वर्षभरात तुम्ही अवाक्षर काढलं नाही, तेव्हा शिल्लक असेलच.

ता.क. लिहिणार नाही असा शब्द मी दिला आहे खरा. पण घरचं माणूस बोललं आणि मी गप्प बसले, असं परक्या लोकांत दिसायला नको. तुम्हाला उत्तर मला द्यावंच लागेल.