आपण लांब राहू

आई, आपली चाळ पाडली. घाबरू नकोस, पुरतं ऐक. पाडून तिथेच बावीस मजल्यांची बिल्डिंग उभी केली आणि मला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं, स्वतःच्या संडासासकट. तू नळावर ज्यांच्याशी भांडायचीस त्यांचीच पोरं-सुना आता माझ्या मजल्यावर आहेत. भांडायला नळ उरला नाही, म्हणून सगळे लिफ्टवरून भांडतात. बाकी लालबाग तेच. खाली गल्लीत मिरचीचं कांडप सुरू झालं की चौदाव्या मजल्यावरही शिंका येतात. तुला पत्र लिहायचं खूळ माझ्या डोक्यात समोरच्या आजींनी घातलं. त्या त्यांच्या आईला लिहितात. मी विचारलं, 'पत्ता काय घालता?' तर हसल्या आणि म्हणाल्या, 'घालत नाही, म्हणून तर मनातलं लिहिता येतं.' मला ते पटलं, पण लिहायचा धीर व्हायला काल उजाडावं लागलं.

आजी जपानच्या. तिकडे समुद्रकाठी अणुभट्टीचा अपघात झाला, किरण पसरले, आणि गावंच्या गावं उठवली. आजींचं गाव त्यातलं. भात शिजत ठेवलेला, तो तसाच टाकून निघाल्या होत्या. अशा लोकांना नव्या जागी घर बघून द्यायचं, शेजाऱ्यांशी ओळख करून द्यायची, बस्तान बसेपर्यंत पाठीशी उभं राहायचं, एवढं एकच काम करणाऱ्या संस्थेत मी आहे. मोठं ऑफिस तिकडे. इथे परळला एक खोली, एक प्रिंटर आणि मी, आणि त्यातली वेळेवर चालते ती मीच. विम्याच्या कचेरीतून रिटायर झाले तेव्हा आपल्या विहारात येणाऱ्या एका जपानी भन्तेंनी विचारलं, करणार का? मी म्हटलं, घरी बसून तरी काय दिवे लावणार! मुंबईत अशी कुटुंबं येऊन येऊन किती येणार, बोटावर मोजण्याइतकी. आजींचा मुलगा भुयारी मेट्रोच्या कामावर आला, बरोबर बायको आणि आई. ही त्यांची पाचवी जागा. आधीच्या चार जागी लोक वाईट नव्हते, पण किरण अंगाला चिकटून येतात आणि एकाचे दुसऱ्याला लागतात, अशी सगळ्यांची समजूत. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. फक्त आजींनी दिलेलं भांडं धुऊन पुसून, रिकामं, पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवून जायचे. हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा तू आठवलीस.

तुझ्या हॉस्पिटलात किरणांना कुणी किरण म्हणायचं नाही. 'शेक' म्हणायचे. आज हिचा शेक आहे, अजून दहा शेक राहिलेत. तू त्या कॅन्सरच्या वॉर्डात आया होतीस, आणि मला वाटायचं, तू तिथे तव्यावर फडकं गरम करून पेशंटना शेकत बसतेस. मी चौथीत आहे. तू सांगलीकडच्या एका बाईला घरी घेऊन येतेस, कारण दोन शेकांच्या मधले दिवस ती फुटपाथवर काढत होती. आपली खोली दहा बाय बाराची, माणसं सहा, ही सातवी. नळावर बायका आपापल्या बादल्या बाजूला ओढतात. बाई एवढीशी, मानेवर जांभळ्या शाईच्या खुणा. चहा घेताना ती अर्धा चहा बशीत ओतते आणि मायेने माझ्यापुढे धरते. मी म्हणते, 'नको, माझं पोट दुखतंय.' तू स्टोव्हला पंप मारत असतेस. बाई बशी तशीच ठेवून मोरीत गेली, तसं तू मला गॅलरीत ओढलंस. आता मार बसणार म्हणून मी डोळे गच्च मिटले. पण मार बसला नाही. 'तुझ्या आजीला गावात पाणी वरनं ओतायचे,' तू म्हणालीस. 'खाली बसायचं, ओंजळ धरायची, आणि ते वरनं ओतायचे. भांडं लागू द्यायचे न्हाईत. तू आज तेच केलंस. पोट दुखतंय म्हणे! लबाड कुठली.' मग आत जाऊन ती बशी उचललीस आणि गटकन संपवलीस. बाई मोरीतून बाहेर आली तर तिला म्हणालीस, 'साखर कमी पडली गं बाई.' पुढे ती बरी होऊन, तू वाटेसाठी भरून दिलेला डबा घेऊन गावी गेली. वर्षभराने तिच्या भावाने आपला डबा परत आणला, शेंगदाण्याची चटणी दाबून भरलेला. तू तो हातात घेऊन वजन बघितलंस आणि म्हणालीस, 'भांडं रिकामं आलं न्हाई. म्हणजे बाई चांगली आहे.' मी तेव्हा ठरवलं होतं, आयुष्यात पुन्हा पोट दुखवायचं नाही.

तर आता आमचा मजला. माझ्या समोरचं घर भाड्याने द्यायचं होतं. मालक बदलापूरला राहतो, तो म्हणाला सोसायटीचं पत्र आणा, चावी घ्या. सोसायटीचे सेक्रेटरी आमच्याच मजल्यावर, माणूस भला पण कागदाशिवाय पाणी पिणार नाही. म्हणाले, 'मॅडम, माझी काय हरकत नाही. फक्त एक सर्टिफिकेट आणा, यांच्या अंगात किरण नाहीत म्हणून.' मी म्हटलं, 'कुठे मिळतं हो ते? वॉर्ड ऑफिसात का रेशनिंगच्या?' मी डॉक्टरांचं पत्र दाखवलं. एकाचं दुसऱ्याला काही लागत नाही, हे मोठ्या अक्षरांत मराठीत टाइप करून लिफ्टमध्ये चिकटवलं. पलीकडच्या घरातल्या सुनेला तान्ही मुलगी आहे. ती सरळ माझ्या दारात आली. 'ताई, खरं सांगा हां, माझ्या बाळाला काही होणार नाही ना?' मी नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, 'बरं झालं विचारलं, उगाच डोक्याला ताप,' आणि गेली. शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला. त्यांनी मालकाशी बोलून चावी आठवड्यापुरती मिळवून दिली. आठवडाभर राहू देत, मजल्यावरचे काय म्हणतात बघू, मग पत्र. पत्र नाही मिळालं तर आजींची सहावी जागा शोधायची. आजींना हे कळलं, तशी त्यांनी हातातल्या पिशवीतली स्वयंपाकाची भांडी तेवढी काढली, सामानाची खोकी उघडलीच नाहीत. भिंतीशी रचून ठेवली, त्यातल्याच एकावर बसल्या आणि मला चहा दिला, हिरवा, वाटीएवढ्या बिनकानाच्या कपात. मी तो दोन्ही हातांनी घेतला, तेवढ्यात फोन आला म्हणून कप घेऊनच बाहेर पॅसेजमध्ये आले.

दुसऱ्या दिवशी आजी स्वयंपाकाला लागल्या. त्यांच्यात नव्या जागी गेलं की शेजाऱ्यांना शेवया द्यायची रीत आहे. गोडाच्या नव्हेत गं. तपकिरी, थंड, लांबच लांब, आणि वर खारट पाणी. मजल्यावर त्यांच्याखेरीज पाच घरं, म्हणून पाच वाडगे, काळे, झाकणाचे. त्यांचा मुलगा कामावर, त्यांची सून बँकेत गेलेली, मी परळला. आजी एकट्याच निघाल्या, हातात मोबाईल. हल्ली मोबाईलमध्ये आपल्या भाषेत बोललं की तो दुसऱ्याच्या भाषेत बोलतो. प्रत्येक दारात आजी कमरेतून वाकल्या, वाडगा पुढे केला, आणि मोबाईल खणखणीत आवाजात म्हणाला, 'मी तुमच्या बाजूला आहे. आपण लांब राहू.' माझा वाडगा त्यांनी मला संध्याकाळी दिला, तेव्हा मोबाईलची बॅटरी उतरली होती, म्हणून मी ते वाक्य ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर पुढचा घोळ झाला नसता.

एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. एकही वाडगा परत येईना. चौथ्या दिवशी दुपारी आजींच्या मुलाने मला ऑफिसात फोन केला. म्हणाला, 'आई खोक्यांना चिकटपट्टी लावतेय.' खोकी उघडलीच नव्हती, तरी त्यांवर आणखी एक पट्टी! म्हणाला, 'आधीच्या ठिकाणी निदान रिकामी भांडी तरी परत यायची. इथे तीही आली नाहीत. आम्ही दुसरीकडे बघतो.' माझं डोकंच फिरलं. टॅक्सी केली आणि सरळ घरी. म्हटलं, एकेकाला दारात उभं करून असं झापते की तू वरून टाळ्या वाजवशील.

पहिलं दार मालवणी काकूंचं. 'काकू, वाडगा कुठाय?' मी कमरेवर हात ठेवून विचारलं. 'हां काय,' काकू म्हणाल्या, 'धुवन पुसान ठेवलंय. पण रिकामो कसो देवचो गो? बांगड्याचा तिकला दिलंय आणि म्हातारीक ठसको लागलो तर? तीन दिस इचार करतंय.' माझा पारा जरा खाली आला. 'आणि शेवया?' 'खाल्लंय मगे! मीठ-मसालो काय नाय, पण बऱ्यो होत्यो.' पुढचं दार तान्ह्या मुलीच्या आईचं, त्या सुनेचं. तिचा वाडगा ओट्यावर, शेजारी रवा काढून ठेवलेला. 'ताई, शिरा करणार होते, पण त्यांना तूप चालतं का हेच कळेना. तुम्हालाच विचारणार होते.' कोपऱ्यातल्या घरात तिघे भाऊ राहतात, तिघांनाही चहापलीकडे काही येत नाही. ते म्हणाले, 'ताई, आम्ही वाडग्यात घालणार काय, डोंबल? म्हणून तोंड लपवतोय.' माझा राग कुठल्या कुठे गेला. मग सेक्रेटरींचं दार. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, 'मॅडम, मी कधीच गेलो असतो. पण त्या बाई स्वतःच म्हणाल्या, आपण लांब राहू. वयस्कर बाईमाणूस, त्यांच्या मनाविरुद्ध कसं जायचं? मीच अख्ख्या मजल्याला सांगितलंय, त्यांना त्रास देऊ नका, बोलावतील तेव्हाच जा.'

मी तिथूनच आजींच्या मुलाला फोन लावला. त्याला ते वाक्य ऐकवलं तर आधी त्याला काही कळेना, आणि कळलं तसा तो हसतच सुटला. त्यांच्या भाषेत शेवयांचं नाव आणि 'जवळ' हा शब्द सारखाच उच्चारतात. आम्ही तुमच्या जवळ राहायला आलो, म्हणून शेवया. आणि शेवया लांब, म्हणून आपली ओळखही लांब राहो, पुष्कळ वर्षं टिको. मी पॅसेजमध्ये ओरडले, 'अहो, लांब म्हणजे दूर नाही! लांब म्हणजे पुष्कळ दिवस!' सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला. 'अरे देवा! मग मोबाईलने नीट सांगायचं ना तसं!' मी म्हटलं, 'मोबाईलला काय कळतंय, तो कुठे चाळीत राहिलाय?'

त्या संध्याकाळी आजींच्या दारात रांग लागली, आई. तुझ्या नळावरची रांग फिकी पडावी. काकूंनी सुरमई तळून आणली, नुसत्या मीठ-हळदीची. सुनेने शिरा आणला, कडेवर मुलगी. आजींनी मुलीला घ्यायला हात पुढे केले, आणि मग भानावर येऊन मागे घेतले. सुनेने ते बघितलं आणि मुलगी त्यांच्या मांडीवरच ठेवून दिली. तिघा भावांनी वाडग्यात वेफर्स भरून आणले. सेक्रेटरींनी बेसनाचे लाडू आणले, आणि वाडग्याच्या खाली घडी करून सोसायटीचं पत्र, सही-शिक्क्यासकट. उरला माझा वाडगा. तो माझ्या फ्रिजमध्ये होता, झाकण न उघडलेला. कामाच्या धावपळीत खायला वेळच झाला नव्हता. मी ओट्यापाशी उभी राहून त्या चार दिवसांच्या शेवया शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ल्या, वाडगा धुतला आणि सुक्या बोंबलाची चटणी भरली, तू करायचीस तशी, तिखट निम्मं. आजींनी झाकण उघडलं, वास घेतला आणि 'ओऽऽ' करून उठल्याच. खोक्याची दुहेरी चिकटपट्टी नखांनी टराटरा फाडली आणि आतून पुडी काढली. सुकी मासळी, बोटाएवढी! पाचवी जागा, आणि उघडलेलं पहिलं खोकं. आता महिन्यातून एकदा मी त्यांना कफ परेडच्या मच्छीमार नगरात नेते. वाळत घातलेले बोंबील बघून त्या तिथल्या कोळणींशी हातवारे करून भाव पाडतात, आणि कोळणी त्यांना माझ्यापेक्षा स्वस्त देतात.

आता खरं सांगते. वेळ झाला नव्हता, हे माझ्या चौथीतल्या पोटदुखीसारखंच. रोज फ्रिज उघडत होते आणि तो वाडगा मागे सरकवत होते. सगळं मला माहीत होतं, लिफ्टमधला कागद मीच टाइप केला होता, आणि अख्ख्या मजल्यावर शेवया न खाल्लेली बाई मी एकटीच. सुनेने निदान विचारलं तरी. मी कुणाला विचारणार? आणि पहिल्या दिवशी फोन आलाच नव्हता. तो चहा मी पॅसेजमधल्या माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला आणि रिकामा कप आजींच्या हातात दिला. त्यांनी वाकून माझे आभार मानले. आता रोज दुपारी त्यांच्याकडे दोन कप पिते, कडू लागला तरी. पण त्यांना हे सांगायचा धीर अजून होत नाही. हे पत्रही कुठे पाठवायचं नाहीये, तुझ्या त्या चटणीच्या डब्यात ठेवणार आहे. कढीपत्ता मात्र असा फोफावलाय की बघत राहावं. काल आजी त्याची मूठभर पानं तोडून घेऊन गेल्या, आणि जाताना मोबाईलशिवाय, स्वतःच्या तोंडाने, मराठीत म्हणाल्या, 'लांब राहू.' मी 'हो आजी, लांब राहू' म्हटलं, दार लावलं आणि तुला लिहायला बसले.