मुकुटाच्या शिक्क्याचं हत्यार

३ फेब्रुवारी
आजपासून ह्यांचं वर्कशॉप आवरायला घेतलं. महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे. थोरलीने सगळं ठरवून टाकलंय. हत्यारं सुतारकाम शिकवणाऱ्या शाळेला, खोली सायकल दुरुस्तीवाल्याला. मी हो म्हटलं. रडारड नाही. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं, आता माझं मन अगदी स्थिर आहे.
दिवसभरात एक फळी पुसून झाली. पण नीट झाली.

४ फेब्रुवारी
रंधे, पटाश्या, कानशी, गिरमिटं. सगळ्यांची नावं मला पाठ. लग्न झाल्यापासून पॉलिश पेपर मारायला मीच बसायचे. गुडघे दुखायला लागले तेव्हा सोडलं. ह्यांच्या हाताखालची एकही वस्तू मला परकी नाही.
दुपारी कपाटामागे कापडात गुंडाळलेलं एक हत्यार सापडलं. तळहातापेक्षा थोडा मोठा लाकडी ठोकळा, पोटात दोन बोटं रुंद पातं. वर मूठ नाही, मुठीच्या जागी लांबट खोलगट खाच. दोन चामडी पट्टे. एक पितळी स्क्रू. पात्यावर मुकुटाचा शिक्का आणि साल १८९१.
काय आहे ते कळेना. कळेल.

५ फेब्रुवारी
निश्चय: आधी हत्यार ओळखायचं, मग बाकीची द्यायची. जी वस्तू आपल्यालाच माहीत नाही ती लोकांना कशी द्यायची?
थोरलीला फोन केला. ती म्हणाली, शाळेतले मास्तर ओळखतील की. मी म्हटलं, सव्वाशे वर्षांपूर्वीची वस्तू कुणाच्याही हातात देत नाहीत. तिने मग जेवलीस का म्हणून विचारलं. ह्या मुलीला एका विषयावर टिकून बोलता येत नाही.

८ फेब्रुवारी
लायब्ररी. माझी शाळा सातवीत सुटली, पण इथली दोन कपाटं मी वाचून संपवलीत. लायब्रेरियन हल्ली मला न विचारता खुर्ची देतो. हत्यारांचं चित्रांचं जाडजूड पुस्तक काढलं. तासाभरात निकाल लागला. होडी बांधणारे आतल्या बाजूने लाकूड तासतात, त्यातलं आहे.
थोरलीला कळवायचं.

सायंकाळी. नाही कळवलं. ह्यांना पाणी बघूनच गरगरायचं. ह्यांच्या घराण्यात कुणी होडीत बसलं असेल असंही वाटत नाही. पुन्हा बघावं लागेल.

११ फेब्रुवारी
जाऊबाई आल्या होत्या. हत्यार उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, टाचा घासायचं आहे. चप्पल काढून घासूनही बघायला निघाल्या. मी काढून घेतलं. त्या म्हणाल्या, भाओजींचं एवढंसं काही आलं की तुझं डोकं चालत नाही. माझं डोकं उत्तम चालतं. बाकीची हत्यारं अजून जागच्या जागी आहेत, ती केवळ संशोधन अर्धवट आहे म्हणून.

१४ फेब्रुवारी
शेजारच्या गाळ्यातल्या कुशनवाल्याला दाखवलं. ह्यांनी केलेल्या खुर्च्यांना कापड लावायला तोच असायचा. त्याने हातातसुद्धा घेतलं नाही. वहिनी, चहा सांगू का, म्हणाला. मग बराच वेळ फोमबद्दल बोलत राहिला. हल्लीचा फोम लगेच बसतो म्हणे.
माणूस चांगला आहे, पण जुन्या वस्तूंची दृष्टी नाही.

१९ फेब्रुवारी
आता शंकाच नको. वाद्यं घडवणाऱ्या कारागिराचं आहे. एवढं नाजूक पातं दुसऱ्या कशाला लागणार? पट्टे खुंटीला टांगायला. खाच बोटं टेकवायला. बहुधा एखाद्या मोठ्या दरबारी कारागिराकडून ह्यांच्या आजोबांकडे आलं असावं. माझी बोटं टेकवून बघितली. टेकत नाहीत. त्या काळच्या माणसांची बोटं वेगळी असतील.

२४ फेब्रुवारी
थोरलीशी वाद. मी मुदत मागितली. ती म्हणाली, सायकलवाला दुसरीकडे बघेल. मग म्हणाली, आई, तुला खोली सोडायची नाहीये का? मी म्हटलं, खोलीचा संबंध काय? शेवटी पंधरा मार्च ठरला. त्यापुढे नाही म्हणाली. वडिलांसारखी हट्टी आहे.
तिला एकसारखं वाटतं, बाबांना काहीतरी होत होतं. काही होत नव्हतं. आदल्या संध्याकाळी काम करून आले, जेवले, झोपेत गेले. ना आजार, ना औषध. माझ्या माणसाला काही झालं आणि मला कळलं नाही, असं होणारच नाही.

५ मार्च
हत्यार घेऊन संग्रहालयात गेले. तिथल्या बाई थोरलीच्या वयाच्या. मी दरबारी कारागिराबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग हातमोजे घालून स्क्रू काढला. म्हणाल्या, पातं खरंच जुनं आहे, चांगल्या घराण्यात सांभाळलेलं दिसतं. बाकी काही जुनं नाही. ठोकळा आतून अजून उजळ आहे. स्क्रू कपाटाच्या मुठीचा. कुणीतरी जुनं पातं काढून हा नवा रंधा केलाय.
मग त्यांनी खाचेत मनगट ठेवलं आणि वरून पट्टे नुसते टाकले. "हा हातात धरायचा नाही. हाताला बांधायचा."
घरात कुणाच्या बोटांना त्रास होता का, असं विचारलं. मी नाही म्हटलं.
बाई हुशार आहेत, पण लहान आहेत. नुसतं शिकून सगळं कळत नाही.

६ मार्च
झोप नीट लागली नाही, पण सकाळी एकदम उलगडा झाला. गिऱ्हाईक! कुणीतरी हाताने अधू माणूस ह्यांच्याकडे आला असणार. ह्यांचा स्वभाव असा, की त्याच्यासाठी घरातलं पातं काढून दिलं असेल. मला सांगितलं नाही, कारण स्वतःच्या चांगुलपणाबद्दल हे कधी बोलायचेच नाहीत. बिचारा घ्यायला येईपर्यंत हेच गेले.
नवा निश्चय: त्या माणसाला शोधायचं. वस्तू त्याची त्याला द्यायची. मग खोली सोडायला मी मोकळी.
किती हलकं वाटलं.

१० मार्च
लाकडाच्या वखारीत विचारलं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला विचारलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरलाही विचारलं. असा माणूस कुणालाच माहीत नाही. वखारीतला म्हातारा म्हणाला, दादांनी शेवटी शेवटी मापं दुसऱ्याकडून लिहून घेतली होती. म्हाताऱ्यांच्या स्मरणावर किती विसंबायचं?

१२ मार्च
पट्ट्यांची शिवण निरखून बघितली. दुहेरी टाका, कडेला मुडपलेली. आमच्या दिवाणखान्यातल्या खुर्च्यांना अशीच आहे. म्हणजे कुशनवाल्याला गिऱ्हाईक माहीत असणार. गेले आणि सरळ विचारलं, तो माणूस राहतो कुठे?
त्याने कात्री खाली ठेवली.
"वहिनी, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. पट्टे मी शिवले. दादांची बोटं आखडत गेली तसे उसवून पुन्हा शिवले. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती."
मी म्हटलं, तुझा काहीतरी गोंधळ होतोय.
तो म्हणाला, दार लावून काम करायचे, मी आत जायचो पट्टा आवळायला. पातं त्यांच्या वडिलांच्या रंध्यातलं. बांधून चांगलं चालायचं. त्याने गुंडाळी झालेल्या रेक्झिनवरून हात फिरवला आणि म्हणाला, तुम्ही खाली बसा वहिनी.
बसले नाही. घरी कुकर लावायचा होता.

१३ मार्च
काही लिहिण्यासारखं नाही.

१५ मार्च
सकाळी टेम्पो आला. शाळेच्या मास्तरांनी एकेक हत्यार कापडात बांधून नीट नेलं. थोरली आली होती. हे एक हत्यार टेबलावर राहिलं, तेव्हा मास्तरांनी विचारलं, ह्याला काय म्हणतात? मी म्हटलं, नाव नाही त्याला. ते म्हणाले, मग राहू द्या तुमच्याकडे.
सायकलवाल्याला किल्ली दिली.
घरी आल्यावर ते बांधून बघितलं. एका हाताने पट्टा आवळता येत नाही. थोरलीने आवळून दिला. 
गेल्या वर्षी सकाळी शर्ट घालून हे माझ्यापुढे येऊन उभे राहायचे. बटणं लाव म्हणायचे. म्हातारपणी लाड सुचलेत, असं म्हणून मी हसायचे. तेही हसायचे.