खेचरांतून सफरमैनेत आणि परत

मु. छावणी (नाव लिहिले तर पत्र तपासणाऱ्यांची कात्री लागते, लढाई संपली, कात्री संपली नाही)
ता. ११ एप्रिल १९४६

तीर्थरूप पुनारामदादांच्या पायाशी धाकट्या कवडूचा, बूट काढून आणि टोपी बगलेत धरून केलेला नमस्कार पोचावा. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे दोन दाढा आणि एक बढती गेली, बाकी सर्व जागच्या जागी आहे. शांतीवहिनींचा गुडघा कसा आहे? लाल गाय यंदा तरी लाथ न मारता दूध देते का?

आपले पत्र मिळाले. अक्षर मास्तरांचे होते, पण मजकूर तुमचाच, कारण पहिल्या तीन ओळींत दोन शिव्या होत्या. मालगुजार म्हणतात, तलावाचा जादा पाणी काढणारा सांडवा अरुंद करून हातभर उंच बांधू, म्हणजे पाणी जास्त थांबेल आणि उन्हाळी धान निघेल. सांडवा आपल्या आजाने सोडलेला, म्हणून आपल्या घरची सही पाहिजे. सही दिली तर सध्याचा पाणकर बकाराम याला काढून शेतांना पाणी वाटण्याचे काम मला, पेन्शन घेऊन आल्या आल्या. आणि बकाराम तर ‘जीव गेला तरी सांडव्याले हात लावू देणार नाही’ म्हणून राहिला आहे. काय करू ते लवकर कळव, असे तुम्ही लिहिता. कळवतो. पण आधी पाणकरीचा उमेदवार किती लायक आहे ते तर ऐका.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी पंधरा वर्षांपूर्वी खेचरांच्या पलटणीत साधा शिपाई म्हणून शिरलो आणि जमादार झालो. खांद्यावर एक तारा, शिपाई सलाम करतात, खेचरे करत नाहीत. (खेचर हे फौजेतले एकच जनावर, जे हुद्दा पाहून लाथ मारत नाही, सर्वांना सारखी मारते.) शिक्षण म्हणाल तर खेचराचा लगाम धरून उभे राहिले की साहेबलोक आपल्यालाही खेचरच समजतात आणि मोकळेपणी बोलतात. माझे इंग्रजी सगळे असे लगाम धरून शिकलेले. त्यामुळे त्यात शिव्या शुद्ध आहेत आणि व्याकरण लंगडे.

दोन वर्षांपूर्वी हुकूम निघाला, ज्या जमादार-सुभेदारांना माती-पाण्याचे काम येते त्यांनी सफरमैनेत, म्हणजे पूल आणि बांध बांधणाऱ्या पलटणीत, बदली मागावी. सहा महिने काम पाहून पक्के करू आणि दुसरा तारा देऊ. मी म्हटले, आपण कोहळी, सात पिढ्या तलाव बांधत आलो, आपल्यापेक्षा लायक कोण? अर्ज ठोकला. आमच्या खेचरांच्या पलटणीत बोदलकसा गावचा शिपाई सुकराम होता, मोठा तोंडाळ. म्हणाला, “जमादारसाब, दुसऱ्या ताऱ्यासाठी जाऊन राहिले का? जा. पूल मोडला का आमच्या खेचरावर बसून परत या. तुमच्यासाठी म्हातारं खेचर ठेवतो, ते लाथ हळू मारते.”

नव्या शाखेत टोपीचा बिल्ला नवा, कमरेची पट्टी नवी, साहेब नवा. साहेब बावीस वर्षांचे कप्तान होते आणि त्यांच्याजवळ तीन पायांची पितळी दुर्बीण होती. तिच्यातून ते पाणी वाहायच्या आधीच पाणी कुठे जाईल ते पाहत. आपला आजा पहिल्या वर्षी तलावाच्या पाळीवर घोंगडी घेऊन बसला होता, पाण्याला स्वतःला कुठून निघावेसे वाटते ते पाहिले आणि सांडवा तिथे सोडला. हे मी साहेबांना सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले आणि संध्याकाळी मेसमध्ये सर्वांना वाचून दाखवले. (हसणे मला बाहेर ऐकू आले. माझे कान तुम्ही जाणता.)

काम मिळाले ते आमच्याच जुन्या पलटणीच्या खेचरांसाठी तलाव बांधायचे. नाल्याला आडवी पाळ घातली, माती अशी चोपली की आजाही चूक काढू शकला नसता. मग आली सांडव्याची पाळी. मी म्हटले, साहेब, आमच्या घरची रीत आहे, सांडव्यातून चार बैलजोड्या शेजारी शेजारी निघाल्या पाहिजेत. साहेब म्हणाले, “इधर बैल कहाँ है?” मी म्हटले, पाणी येईल ना. ते म्हणाले, “जमादार, पानी को भी हुकुम मानना पड़ेगा.” खरी गोष्ट अशी की खालून सडक जात होती आणि तिच्यावरून जनरलसाहेबांची मोटर येणार होती. सांडवा रुंद केला तर सडक ओली होणार आणि जनरलसाहेबांच्या बुटाला चिखल लागणार. म्हणून सांडवा दीड जोडीचा.

जनरलसाहेब आले, कोरड्या बुटांनी फिरले, कोरड्या बुटांनी गेले. नवव्या दिवशी दुपारी पाऊस आला. पाणी हुकूम न मानता पाळीवरून गेले आणि पाळ घेऊन गेले. चार खेचरे वाहून गेली. चौकशी बसली, सात कागद झाले, आणि दोष पावसाचा निघाला. कप्तानसाहेब दिल्लीला मोठ्या हुद्द्यावर गेले, आणि माझ्या कागदावर ‘अनुभव : खेचर’ लिहून मला परत खेचरांत धाडले. सात पिढ्यांचा तलाव एका ओळीत आटला! ज्याला सांडवा कळतो तो लगाम धरतो आणि ज्याला कळत नाही तो दिल्लीत खुर्चीवर बसतो, असे हे राज्य आहे. म्हणून म्हणतो, असा अनुभवी, अन्याय सोसलेला माणूस पाणकर मिळणे हे मालगुजारांचे भाग्यच.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक
जमादार कवडू कापगते

ता. क. : सही करू नका.

ता. क. दुसरा : वर मी कप्तानसाहेबांवर पुष्कळ लिहिले. ते सगळे खरे आहे, पण एक कागद गाळला. सांडवा बरोबर आहे असे एका जाणत्या माणसाने लिहून द्यायचे होते. दीड जोडीच्या सांडव्यावर सही माझी आहे, दादा. साहेबाला कळत नव्हते, मला कळत होते. दुसरा तारा त्या सहीवरच अडकला होता. आणि चौकशीत ‘पाऊस जास्त झाला’ हे पहिल्यांदा मीच म्हटले. ऐकून सगळ्यांना हायसे वाटले. बकाराम मूर्ख नाही. पाणकरी त्याच्याकडेच राहू द्या. तो ठेवील तर मी त्याच्या हाताखाली फावडे धरीन. मालगुजार चिडले तर त्यांना आपल्या सांडव्यात चार बैलजोड्या उभ्या करून दाखवा.

ता. क. तिसरा : चार खेचरे गेली म्हणून लिहिले. ती सोडवायला सुकराम खाली उतरला होता. माझ्यासाठी ठेवलेले म्हातारे खेचर वाचले, ते आता माझ्याकडे आहे आणि खरेच लाथ हळू मारते. सुकरामची माय धुरपताबाई आपल्याकडच्या गोरेगावच्या बाजारात मासोळी विकायला बसते. तुम्ही बाजाराला जाताच, तेव्हा तिला सांगा की कवडू जमादार सुटून आला की आधी तिच्या दारी येईल, मग घरी. ती विचारीलच, “कसा गेला जी माहा पोरगा?” तेव्हा कवडू स्वतः येऊन सांगेल म्हणा. पाऊस जास्त होता, असे मात्र सांगू नका.