छपरासाठी आणलेला मेंढा

६ ऑक्टोबर, शुक्रवार

ठरलं! मेल्सचं घर. त्याने स्वतः रशियातून फोनवर सांगितलं, "आरुस, छप्पर घाल आणि हवं त्याला ठेव. मी काय आता ग्युमरीला परत येत नाही." अंगणाच्या पलीकडच्या बाजूला पंधरा वर्षं कुलूप लावून पडलेलं घर. भिंती काळ्या दगडाच्या, अठ्ठ्याऐंशीच्या भूकंपातसुद्धा हलल्या नाहीत. फक्त वर आभाळ आहे. पत्रे वाऱ्याने नेले, लाकडं कुणी नेली ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही.

तिथे ग्रेटाला आणायचं. ग्रेटा, तिची सून नेल्ली आणि दोन नाती. गेल्या महिन्यात लढाईमुळे काराबाख सोडून आल्यापासून वसतिगृहाच्या एका खोलीत आहेत, मधे चादर बांधून पलीकडे दुसरं कुटुंब. ग्रेटाचा मुलगा सामवेल निघायच्या दिवशी गाडीत पेट्रोल भरायला गेला. रांगेत होता. तिथे स्फोट झाला. त्यानंतर पत्ता नाही. ग्रेटाने येरेवानला रक्त देऊन ठेवलंय, जुळवून बघायला. त्याबद्दल ती बोलत नाही आणि मी विचारत नाही.

नेल्लीचा भाऊ क्रास्नोदारला असतो. तो "या, या" करतोय. नेल्लीचं मन तिकडेच आहे. ग्रेटा म्हणते, मुलाचा काही निरोप लागल्याशिवाय मी हलणार नाही. पण सून आणि नाती गेल्या तर म्हातारी एकटी किती दिवस काढेल?

डोक्यावर हक्काचं छप्पर आलं की माणूस थांबतं. मला माणसं कळतात. मोज्यांच्या कारखान्यात साठ बायका सांभाळल्या आहेत मी!

७ ऑक्टोबर

बर्फ पडायच्या आत. म्हणजे महिनाभर. होईल.

९ ऑक्टोबर, सोमवार

पुढच्या रविवारी अंगणात जेवण. सळीवरचं भाजलेलं मटण आणि ग्रेटाच्या हातच्या पालेभाजी भरलेल्या पोळ्या. ताटामागे पैसे घ्यायचे, सगळे छपराला. खाटीक पाइलाक एक मेंढा फुकट देतोय. फुकट म्हणजे अर्धा तास माझ्याकडून स्तुती ऐकून मग.

ग्रेटाला पोळ्यांचं सांगितलं. "किती भाज्या मिळतील?" तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं सात-आठ. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहात साखरेऐवजी मीठ घातलंय! "सात-आठ भाज्यांची पोळी आमच्याकडे आजाऱ्याला देतात, आरुस." मग आम्ही दोघी बाजारात. प्रत्येक जुडी नाकाशी धरून परत ठेवायची. "तुमच्या शेपूला वासच नाही." भाजीवाली म्हणाली, "आजी, वास हवा असेल तर आमच्या नवऱ्याचे मोजे देते!" ग्रेटा हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

शेवटी बारा भाज्या झाल्या. तिने समजून घेतलं.

११ ऑक्टोबर

ओनिककडे गेले. पेट्रोलपंपवाला. पत्रे द्यायला तयार आहे, पण छपरावर त्याच्या नावाचा फलक हवा. "लोकांना कळायला नको का, आरुस जान?" मी म्हटलं, लाव की! आतल्या बाजूने लाव. जे त्याखाली झोपतील ते रोज रात्री तुझं नाव वाचतील, बाहेरच्यांना काय करायचंय? विचार करतो म्हणाला.

करू दे. पत्रे देणार तो. त्याची आई आणि मी एकाच रांगेत पावासाठी उभ्या राहिलेल्या आहोत, भूकंपानंतरच्या त्या थंडीत.

माझा नवरा वालोद म्हणतो, "तू भीक मागतेस की वसुली करतेस?" मी म्हटलं, भीक मला येत नाही. भूकंपानंतर बारा वर्षं आपण पत्र्याच्या खोक्यात काढली. कुठून कुठून लोकांनी पाठवलेलं खाल्लं. एकाच पायाचे बूट आले होते, आठवतं? शंभर डावे! वालोद म्हणाला, "मला तर आवडले होते." या माणसाशी बोलून उपयोग नाही.

तेव्हाच ठरवलं होतं, कुणाला द्यायचं तर दोन्ही पायांचं द्यायचं.

१२ ऑक्टोबर

नेल्ली आली होती, मुलींना घेऊन. मी तिला मेल्सच्या घरात नेलं. इथे चूल, इथे मुलींची खाट, ही खिडकी पूर्वेला आहे. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "मावशी, आमच्यासाठी एवढं करू नका. आम्ही राहू असं मी कबूल केलेलं नाही." मी म्हटलं, बरं बरं.

राहतील. बोलणं वेगळं, करणं वेगळं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

मेंढा आला! पाइलाकने मेल्सच्या भिंतीला बांधला. धडधाकट, एकही खोड नाही. गाडीत दुसऱ्यांचीही मेंढरं होती, आपला ओळखू यावा म्हणून गळ्यात लाल फीत बांधलेली. संध्याकाळपर्यंत टेबलं मांडली, बाकडी शाळेतून आणली. सत्तर माणसांनी नावं दिली आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत लाकडांचे पैसे हातात. सगळं कसं रांगेत आहे!

१५ ऑक्टोबर, रविवार

रांगेत!! काय सांगू.

सकाळी अंगणात गेले तर ग्रेटा मेंढ्याजवळ उभी. डोक्याला स्वच्छ रुमाल. मेंढ्याच्या कपाळावरून हात फिरवते आहे आणि मेंढा तोंड हलवतोय. मला पाहिलं आणि माझ्या गळ्यात पडली. "आरुस, तुझे हे उपकार मी कधी विसरणार नाही. माझ्या सामवेलसाठी तुम्ही... मी सांगितलंही नव्हतं, तरी तुम्ही..." मला काही कळेना. मग तिच्या मुठीत पाहिलं. मीठ. देवळातल्या पाद्रीबाबांकडून मंतरून आणलेलं.

म्हटलं, ग्रेटा, खाऊ घातलंस?

"घातलं. तीनदा."

झालं! मंतरलेलं मीठ खाल्लं की मेंढा नवसाचा. आमच्याकडे शेंबड्या पोराला विचारा, तोही सांगेल. नवसाचं मटण विकत नाहीत. भाजत नाहीत. नुसत्या मिठात उकडायचं, फुकट वाटायचं आणि त्याच दिवशी संपवायचं.

तिला कुणी सांगितलं की हा नवसाचा आहे? तर आमच्या वालोदने! काल संध्याकाळी ती आली, मेंढा पाहिला, गळ्यातली लाल फीत पाहिली आणि विचारलं, हा कुणासाठी? वालोद फाशांच्या डावात दंग. मान वर न करता म्हणाला, "तुमच्यासाठीच की." उचलली जीभ, लावली टाळ्याला! नवसाच्या मेंढ्याला बांधतात तशी लाल फीत, एकही खोड नाही, उद्या रविवार, आणि तुमच्यासाठी. दुसरं काय समजेल कुणी? ती पहाटे उठून चालत देवळात गेली.

मी धावत पाद्रीबाबांकडे. काही उपाय? एखादी प्रार्थना? ते पायऱ्या झाडत होते. म्हणाले, "आरुस, मेंढ्याच्या पोटातून मीठ मी कसं परत काढू?" मी म्हटलं, तिला ठाऊक नव्हतं, चूक झाली. "तिची चूक नाही झाली. तिने नवस केला. चूक तुमची झाली, तिला कुणी काही विचारलंच नाही." मला राग आला. अजूनही आहे.

पण खरं आहे. पोळ्यांचं तिला विचारलं, मेंढ्याचं नाही. जेवण तिच्यासाठी आणि मेंढा कशाला आणलाय हे तिला माहीत नाही!

परत आले. ग्रेटाला खरं सांगायचं की मेंढा छपरासाठी होता? वालोद माझ्याकडे बघत होता, पहिल्यांदाच फासे खाली ठेवून. मी तिला म्हटलं, मोठं पातेलं कुठलं घेऊ?

निदान पोळ्या तरी विकू म्हटलं. ग्रेटा म्हणाली, "नवसाच्या पानात विकतची पोळी?" तेही गेलं.

दुपारी माणसं आली, खिशात हात घालूनच. मी फाटकाशी उभी. पाकीट ठेव आत. ठेव म्हणते ना! पाइलाक ओरडला, "आरुस पैसे नको म्हणतेय, डॉक्टरला बोलवा!" पण मग नवसाचं कळलं. एकेक जण ग्रेटासमोर जाऊन म्हणाला, "नवस मान्य होवो." ती प्रत्येकाला स्वतःच्या हाताने लवाशच्या रोटीत मटण गुंडाळून देत होती. ताठ उभी होती. वसतिगृहात चादरीआड बसलेली बाई ही नव्हेच. आज आम्ही तिचे पाहुणे होतो.

तिला विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, "परत ये म्हटलं. एवढंच."

छपराला एक द्राम नाही.

१६ ऑक्टोबर, सोमवार

रात्रभर तळमळले, सकाळी सुचलं. मटणाचे पैसे घेता येत नाहीत ना? नका घेऊ. घाम घेता येतो!

सत्तर माणसं जेवली. सत्तर दारं वाजवते. "काल जेवलास ना? शनिवारी छपरावर ये." कुणाची टाप आहे नाही म्हणायची! आमचं गाव गवंड्यांचं आहे, इथे बारशाला आलेला पाहुणासुद्धा भिंत ओळंब्यात आहे का ते बघतो. वालोदला सांगितलं, तू सर्वात वर चढणार. "माझे गुडघे, आरुस!" ग्रेटाला उत्तर देताना गुडघे आठवले नाहीत. चढ.

१७ ऑक्टोबर

ओनिकचे पत्रे आले. फलक आतल्या बाजूने!

२१ ऑक्टोबर, शनिवार

एकोणीस पुरुष आले. नऊ कामाचे, बाकीचे सल्ला द्यायला. तुळया कुणीतरी अंधारात आणून टाकल्या होत्या. जुन्या, पण भक्कम. पाहिल्यावर ओळखल्या मी: याच घराच्या होत्या. परत आल्या ना.

वालोद वर चढला आणि खाली यायलाच तयार नाही. "इथून तुझा आवाज कमी येतो!"

३० ऑक्टोबर

शेवटचा पत्रा ठोकला. सायंकाळी पाऊस आला, बर्फ मिसळलेला. आम्ही सगळे आत उभे राहून वर बघत होतो. एक थेंब नाही! पाइलाकने माझा हात हातात घेऊन अंगणात नाचायला लावलं, चिखलात. सहासष्ट वर्षांची आहे मी. नाचले.

म्हटलं होतं ना.

५ नोव्हेंबर, रविवार

ग्रेटा, नेल्ली, मुली राहायला आल्या. चूल पेटवली, चहा झाला, मुलींनी खिडकीच्या काचेवर बोटांनी घरं काढली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, आता कुठे जाताय!

नेल्ली मला बाजूला घेऊन गेली. तिकिटं काढली आहेत. वीस तारखेची बस. छप्पर पाहिलंस ना? मी विचारलं. आवाज चढला माझा. तिने खाली बघितलं. "पाहिलं, मावशी. इतकं चांगलं छप्पर आमच्या घरालाही नव्हतं. पण इथे माझं कोण आहे, सांगा. तिथे निदान भाऊ आहे. इथे आमचं काय आहे, ज्यासाठी थांबायचं?"

मी आहे, असं म्हणणार होते. पण तिने तसं विचारलंच नव्हतं.

ग्रेटा चुलीत लाकडं सारत होती. तिला सगळं माहीत आहे. ती जाणार नाही आणि अडवणारही नाही.

वालोद म्हणतो, "आपण छप्पर द्यायचं म्हटलं, दिलं. त्यांच्या मनावर पत्रे ठोकता येत नाहीत." बरोबर बोलतो कधीकधी. पण मी हरले असं म्हणणार नाही. वीस तारखेला अजून वेळ आहे.

८ नोव्हेंबर

मुलींचं नाव आमच्या शाळेत घातलं. नेल्लीला न विचारता. पुन्हा तेच केलं. असू दे.

१२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ग्रेटा आली. बसली नाही, दारातच उभी राहिली. रात्री येरेवानहून फोन आला होता. रक्त जुळलं. सामवेल सापडला. पेटी बंद असेल, उघडायची नाही म्हणाले.

रडली नाही. म्हणाली, "आरुस, तुमच्या दफनभूमीत आम्हाला जागा मिळेल का? त्याला आता आणखी कुठे फिरवायचं नाही मला."

तिथे आमच्या कुटुंबाच्या कठडा घातलेल्या तुकड्यात दोन जागा राखलेल्या आहेत, आमच्या लेकीच्या शेजारी. एक माझी, एक वालोदची. मी म्हटलं, माझी घे.

मग वालोदला सांगितलं, आता आपण दोघं एकाच खड्ड्यात, एकावर एक. तो म्हणाला, "तशीही आयुष्यभर माझ्या डोक्यावरच बसली आहेस." हसलो आम्ही. मग खूप रडलो.

नेल्ली दुपारी जाऊन बसची तिकिटं परत करून आली.