फुरशाच्या लसीसाठी अर्ज

९ जून १९३४, महाड
संशोधनाच्या सरकारी अनुदानाचा अर्ज तिसऱ्यांदा परत. पहिल्यांदा हाताने लिहिला म्हणून, मग तीन प्रती नाहीत म्हणून. आता जिल्ह्याच्या साहेबांची शिफारस हवी. आणि साहेब म्हणतात, आधी अनुदान मंजूर होऊ दे, मग शिफारस! डोके कुठे आपटावे?

१४ जून
वकिलांकडे टाइपरायटर मागायला पुन्हा गेलो. आता अर्ज शिफारशीशिवायच धाडणार. म्हणाले, "डॉक्टर, फुरसं चावून माणसं मरतात हे कळवायला एवढे कागद?"
कळवायचे नाही हो, शोधायचे आहे. मिळते ती लस नाग-घोणशीवरची. फुरशावर चालते का, कोणी पाहिलेलेच नाही.

२ जुलै
वरंधहून डोलीतून सोनाबाई आली. परवा लावणीत फुरसे चावले. हिरड्यांतून रक्त. थोडे काचेच्या नळीत धरले. अर्धा तास झाला तरी गोठेना. सासू म्हणते, "मांत्रिकानं उतरवलंय, तरी रगात थांबत नाय. वाचंल ना वो माजी सून?"
काय सांगू. फुरसे चावलेल्यांच्या माझ्या वहीत एक्केचाळिसावी नोंद.

५ जुलै
सोनाबाई सकाळी गेली. सासू नुसती बघत राहिली माझ्याकडे.
दुपारच्या टपालात विचारणा: अर्जदाराची पदवी कोणती? माझी एल. सी. पी. एस., पदवी नव्हे, नुसती पदविका; बहुधा चालायची नाही.

२० ऑगस्ट
चालत नाही.

६ सप्टेंबर
मुंबईच्या एका बड्या डॉक्टरांचे पत्र. विलायतेची पदवी. माझा अर्ज तपासायला त्यांच्याकडेच गेला होता म्हणे. विषय फार आवडला! अनुदान ते स्वतःच्या नावे घेणार. पुढच्या लावणीआधी लस चाचणीसाठी माझ्या दवाखान्यात धाडतील. मी फक्त वही द्यायची. नऊ वर्षांची वही, महाड-पोलादपूरची सगळी माणसे तीत. माझे नाव "जमल्यास आभारात".
पत्र चुरगळून फेकले. सौ.ने उचलले, हाताने सपाट करून वाचले.
"लस खरंच आली तर?"
"आणि नाही आली तर?"
तिने पत्र वहीत घालून ठेवले.

१९ सप्टें.
दहा दिवस सौ. वही वाचून दाखवते, मी उतरवतो. नक्कल आज पुरी. मुंबईच्या डॉक्टरांना मात्र मूळ वहीच हवी. नकार द्यावा तर पुढच्या पावसात पुन्हा रिकाम्या हातांनी... आणि दिली तर...
टपाल चारला निघते. सौ.ने वही मांजरपाटाच्या कापडात शिवून समोर आणून ठेवली आहे. पत्ता घालायचा राहिलाय.