ठकूबाईस पुन्हा निरक्षर करणेबाबत

प्रति,
मा. प्राचार्य साहेब,
सावित्री खोरे जनता महाविद्यालय,
महाड, जिल्हा रायगड.

अर्जदार : ठकूबाई मालोजी कोंढाळकर, वय अंदाजे बेचाळीस, धंदा नाचणीची शेती व मजुरी, राहणार वरची वाडी, शिवथर खोरे, तालुका महाड.
सांगितल्याप्रमाणे लिहिणार : श्रीपत महादू तांबे, अर्जलेखक, तहसील कचेरीचा ओटा, महाड.

विषय : अर्जदार बाईस दिलेले साक्षरतेचे प्रमाणपत्र रद्द करून तिची नोंद पूर्ववत निरक्षर अशी करणेबाबत व मुलगी कु. तुळसा हिची वसतिगृहातील जागा परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र जा. क्र. वसति/४१/८३, दि. ११ जुलै १९८३.
२) पडताळणी समितीचा अहवाल, दि. ४ ऑगस्ट १९८३.

महोदय,

१. हा अर्ज दुसरा आहे. पहिला अर्ज आपल्या आवक लिपिकांनी खिडकीतूनच परत केला, कारण त्याखाली अंगठा होता आणि बाई तर आपल्या दप्तरी साक्षर आहे. साक्षर माणसाचा अंगठा चालत नाही, सही करून आणा, असे ते म्हणाले. बाईने सही केली असती तर तिचे मागणे तिथेच निकालात निघाले असते. म्हणून या अर्जाखाली अर्जलेखक स्वतःची सही करीत आहे. अर्जलेखक चौथी पास असून त्याच्या साक्षरतेबद्दल आजवर कोणी शंका घेतलेली नाही व त्यापायी त्याचे काही नुकसानही झालेले नाही.

२. अर्जदार बाईचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला. मागे तुळसा ही एकच मुलगी. वाडीतून बारावीला बसलेली आणि पास झालेली पहिली मुलगी हीच. वाडीपासून एस. टी.च्या थांब्यापर्यंत दोन तासांची उतरण आहे, आणि पावसाळ्यात मधला वहाळ भरला की दोन दोन दिवस पलीकडे जाता येत नाही. अशा मुलीने कॉलेज करायचे तर महाडात राहूनच. आपल्या वसतिगृहाच्या नियम ४ प्रमाणे, जिचे हयात पालक निरक्षर आहेत अशा बारा मुलींची राहण्याजेवणाची सोय फुकट होते. त्या बारांत गेल्या वर्षी तुळसा बसली. त्याबद्दल बाई आजही आपले उपकार मानते, हे तिने मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

३. आता घोटाळा कसा झाला ते. गेल्या वर्षी महाविद्यालयाने ग्रामविस्तार कार्यक्रमाखाली एक वाडी दत्तक घ्यायचे ठरवले. कोणती घ्यावी, असे प्रा. सबनीस सरांनी वर्गात विचारले तेव्हा तुळसा उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आमची घ्या सर, आमच्याकडे कोण येत नाय." डिसेंबरात चाळीस मुले दहा दिवसांसाठी वाडीत आली. त्यांनी वाट दुरुस्त केली, देवळाला चुना लावला आणि वाडीतली दोन महिन्यांची नाचणी दहा दिवसांत खाऊन संपवली. दुपारी बायकांना लिहायला शिकवण्याचे काम तुळसाकडे दिले गेले, कारण वाडीतल्या बायका दुसऱ्या कोणापुढे बसायला तयार नव्हत्या.

४. दहा दिवसांत कोणी साक्षर होत नाही, हे आपणासारख्या विद्वानांस अर्जलेखकाने सांगावे असे नाही. पण समारोपाला अलिबागहून पाहुणे यायचे होते आणि कागदावर पंधरा बायका साक्षर दिसायच्या होत्या. तुळसाने प्रत्येकीला आपापले पूर्ण नाव तेवढे गिरवायला शिकवले. इथे बाईची अडचण झाली. आमच्या या डोंगरात बायको नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही, तो असताना नाही आणि गेल्यावरही नाही. बाईने बावीस वर्षांत ते नाव एकदाही उच्चारलेले नव्हते. मग तुळसानेच तोड काढली. ती म्हणाली, "तोंडानं नको घेऊ आये, हातानं घे." बाईला ते पटले. इतके पटले, की स्वतःचे नाव तिला धड येईना, पण मधला शब्द मात्र हातात चांगला बसला.

५. समारोपाच्या दिवशी फळ्यावर नाव लिहायला पहिली बाई म्हणून तिलाच उभे केले. तुळसाने फळ्याच्या कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवलेले पाहून तिने तिन्ही शब्द काढले. पाहुण्यांनी वाचून दाखवायला सांगितले तेव्हा तिने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "ते नाव घ्याचं नाय मला. लिवला हाय, तेवढा बास." सगळे हसले. आपण स्वतः टाळ्या वाजवल्यात आणि स्वतःच्या हाताने प्रमाणपत्र दिलेत. फोटोत आपण आहात, बाई आहे आणि दोघांच्या मध्ये तुळसा आहे. असा आनंदाचा दिवस त्या घरात पुन्हा आलेला नाही.

६. जूनमध्ये तुळसा दुसऱ्या वर्षाला ट्रंक घेऊन वसतिगृहात आली. जुलैत आपले पत्र आले की पालक साक्षर असल्याने नियम ४ लागू होत नाही, सबब जागा रद्द. शिबिराचे प्रमुख सबनीस सर आणि वसतिगृह समितीचे प्रमुखही सबनीस सरच. त्यांनी एका हाताने प्रमाणपत्र लिहिले आणि दुसऱ्या हाताने ते वाचून मुलीला बाहेर काढले. ट्रंक पावसात तीन दिवस व्हरांड्यात होती. तुळसाने शिबिरातली खरी हकीगत त्यांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले की शिबिराचा अहवाल पुढे गेला आहे, आता बायका निरक्षर निघाल्या तर महाविद्यालयाची नाचक्की होईल. तरी बाईला न्याय मिळावा म्हणून आपण तीन जणांची पडताळणी समिती नेमलीत. तिचेही प्रमुख सबनीस सरच होते.

७. दि. ४ ऑगस्ट रोजी बाई पहाटे वाडीतून निघाली आणि कमरेइतक्या पाण्यातून वहाळ ओलांडून समितीपुढे आली. समितीने तिला एक तास उभे ठेवले. फळ्यावर पाच शब्द लिहिले होते : ठकूबाई, मालोजी, महाड, शाळा, गाय. वाचा म्हणाले, तिने वाचले नाही. लिहा म्हणाले, तिने खडूने एक आडवी रेघ ओढली. सोंग करता काय, असे समितीतल्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी तीन वेळा विचारले. पेपर उलटा हातात देऊन पाहिला, तो तिने उलटाच धरून ठेवला. कारकुनाने अहवालात निरक्षर हा शब्द लिहायला घेतला होता, हे तुळसाने दारातून पाहिले आहे. एवढ्यात सबनीस सर उठले आणि सहज बोलावे तसे म्हणाले, "बाई, शिपाई चहाला गेलाय, जाता जाता तेवढा फळा पुसा."

८. बाईने फडके घेतले. स्वतःचे नाव पुसले. महाड पुसले, शाळा पुसली, गाय पुसली. एक शब्द तिने ठेवला आणि फडके टेबलावर ठेवून हात जोडले. तिच्या कपाळाचे कुंकू चार वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी पुसले होते. हे नाव आपल्या हाताने पुसायला तिचा हात उठला नाही, आणि तिथे आपली परीक्षा चालली आहे हे तेवढ्या क्षणापुरते ती विसरली. सबनीस सर हसले. अहवालात वाक्य आहे : "सदर महिलेने पाच शब्दांतून पतीचे नाव अचूक ओळखून वगळले, सबब वाचनक्षमता सिद्ध." बाहेर आल्यावर तुळसा आईशी एवढेच बोलली, "एक शब्द पुसायचा होता, आये. एकच." त्यानंतर ती आईशी आजतागायत बोललेली नाही.

९. अर्जलेखकाचे नम्र म्हणणे असे, की एक शब्द ओळखणे म्हणजे साक्षरता नव्हे. शंभर गुरांत आपली गाय ओळखणारा माणूस गुरांचा डॉक्टर होत नाही. बाईला या जगातला एकच शब्द वाचता येतो, आणि तोही तिला मोठ्याने वाचता येत नाही. याला साक्षर म्हणायचे असेल तर आपण खुशाल म्हणावे, पण मग त्या एका शब्दाच्या बदल्यात तिच्या मुलीची सगळी पुस्तके घेतली जात आहेत, हेही अहवालात लिहावे.

१०. तरीही आपली खात्री व्हावी म्हणून बाई पुढीलप्रमाणे करण्यास तयार आहे. प्रमाणपत्र व फोटो परत करील. पुन्हा कधीही खडू अगर कोळसा हातात धरणार नाही. घरी चुलीमागच्या भिंतीवर तिने तो शब्द सतरा ठिकाणी कोळशाने काढला होता. ती भिंत आता सारवून टाकली आहे. सारवली तुळसाने. बाई तेवढा वेळ अंगणात भिंतीकडे पाठ करून बसली होती. कोणासही येऊन पाहता येईल. समिती पुन्हा बसवून पुन्हा फळा पुसायला सांगितल्यास या खेपेस पुसेन, असेही ती म्हणाली.

११. जागा रिकामी ठेवण्याची मुदत ३१ ऑगस्ट आहे असे समजते. त्यानंतर ती दुसऱ्या मुलीस जाईल. तुळसाचे चुलते भिकाजी यांनी पोलादपूरकडच्या एका बिजवराचे स्थळ आणले आहे, त्याला तुळसाच्या वयाचा मुलगा आहे. कॉलेज सुटले तर आपण नाही म्हणू शकणार नाही, असे बाई म्हणते.

१२. शेवटचा मुद्दा. आपल्याच नियमावलीत नियम ९ आहे. ज्या मुलीचे आईवडील दोन्ही मयत आहेत तिला वसतिगृहात विनाअट प्रवेश आहे, तिथे साक्षर निरक्षर पाहिले जात नाही. हा नियम तुळसाने एकदा घरात पुस्तिकेतून मोठ्याने वाचला होता आणि बाईने तो ऐकून ध्यानात ठेवला. बाईचा प्रश्न असा की, वडिलांच्या मृत्यूचा उतारा घरात आहेच, दुसरा उतारा ३१ तारखेच्या आत आणून दिला तर जागा मिळेल काय, आणि तो ग्रामपंचायतीचा चालेल की तहसीलदारांचा लागेल. हा परिच्छेद लिहिणार नाही, असे अर्जलेखकाने दोनदा सांगितले. त्यावर बाई म्हणाली, "तुमी लिवा. माज्या हाताला येत असता तर तुमच्यापाशी आली असती काय?"

१३. अर्जलेखक या ओट्यावर एकोणीस वर्षे बसतो आहे. बाईने हा प्रश्न रागाने विचारला नाही, रडूनही विचारला नाही. रेशनकार्डाला कोणते कागद लागतात ते विचारावे तसा विचारला, आणि म्हणून अर्जलेखकास भीती वाटते. आपणांस हात जोडून विनंती की, परिच्छेद १२ मधील प्रश्नाचे उत्तर कृपा करून पाठवू नये. आपले कार्यालय प्रत्येक पत्राला नियमावर बोट ठेवून उत्तर देते, याचा अनुभव आहे. या एका वेळी ते करू नये. जागा द्यावी.

कळावे,

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
(सही) श्रीपत महादू तांबे
अर्जदार बाईकरिता

महाड, दि. १६ ऑगस्ट १९८३

सोबत :
१. साक्षरता प्रमाणपत्र, मूळ प्रत.
२. समारोपाचा फोटो, एक.
३. मयत मालोजी कोंढाळकर यांच्या मृत्यूच्या नोंदीचा उतारा.
४. (हा क्रमांक बाईच्या सांगण्यावरून मोकळा ठेवला आहे.)